राहिला कीं मागें राहिला?

माझे वडील वारले त्या वेळची गोष्ट. तेराव्याच्या दिवशीं रोह्याच्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवर दूरदूरचे आप्त जमले होते. त्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हां भावांची ओळख नव्या सोयऱ्यांस करून देतांना माझ्याकडे बोट दाखवून म्हटलें, "हा थोरला. मुंबईस मोठ्या हुद्द्यावर आहे. याचीं मुलें परदेशीं असतात." मग माझ्या धाकट्या भावाकडे वळून, आवाज किंचित् खालीं आणून ते म्हणाले, "आणि हा धाकटा. हा इकडेच मागें राहिला." बोलणाऱ्याच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. माझ्या भावानें तें ऐकलें व पाण्याचा तांब्या उचलून तो आंत गेला. वडिलांच्या शेवटच्या चार वर्षांच्या दुखण्यांत त्यांस उठविणें-बसविणें त्यानेंच केलें होतें. खाडीकांठची भातशेती त्यानेंच राखली होती. उधाणाच्या रात्रीं बांधास खांड पडल्याची हांक आली म्हणजे विजेरी घेऊन धांवत जाणाराही तोच होता. मी त्या वेळीं कांहीं बोललों नाहीं. आज इतक्या वर्षांनीं वाटतें कीं, त्या न बोलण्यांत नुसती भीड नव्हती. त्या गृहस्थांचें म्हणणें मलाही मनांतून पटलेलें होतें.

आपल्या भाषेंत 'राहणें' हें क्रियापद हलकें नाहीं. संकटांत जो पाय रोवून राहतो त्याची आपण स्तुति करतों. दिलेल्या शब्दास धरून राहणाऱ्यास सज्जन म्हणतों. आजाऱ्याच्या उशाशीं रात्रभर बसून राहणाऱ्यास देवमाणूस म्हणतों. परंतु गांवीं राहिलेल्या तरुणाविषयीं बोलतांना त्याच क्रियापदाआधीं आपण एक लहानसें अव्यय जोडतों, आणि तेवढ्यानें गुणाचा दोष होतो. तो राहिला, असें आपण म्हणत नाहीं. तो मागें राहिला, असें म्हणतों. जणूं कांहीं सर्व तरुण एका शर्यतींत धांवत आहेत, त्या शर्यतीची शेवटची खूण मुंबईस, पुण्यास किंवा समुद्रापलीकडे रोवलेली आहे, आणि जो जन्मला तेथेंच आहे तो धांवलाच नाहीं. ही शर्यत कोणीं लावली, आणि तींत न धांवणाऱ्यास आपण कोणत्या न्यायानें हरलेला म्हणतों, याचा थोडा विचार करावा असा या लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न एकट्या रोह्याचा नव्हे. जगांत पंधरा ते चोवीस वर्षांच्या वयाचीं सुमारें १२० कोटि माणसें आहेत, व त्यांतील दहांपैकीं जवळजवळ नऊ आपल्यासारख्या विकसनशील देशांत राहतात. अशा प्रत्येक देशांत एखादी मुंबई असते व तिच्याभोंवतीं शेंकडों पेण आणि रोहे असतात. नायजेरियांतील खेड्यांतला मुलगा लागोसकडे पाहतो. फिलिपाईन्समधील मुलगी मनिलाकडे व मनिलाहून आखाताकडे पाहते. या तरुणांपुढील 'आव्हानें आणि संधि' यांविषयीं व्यासपीठांवरून पुष्कळ बोललें जातें. त्या बोलण्यांत एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते: आव्हान घरीं असतें व संधि दूर असते. म्हणून तरुणास संधि मिळवून देणें म्हणजे त्याच्या जाण्याची सोय करून देणें, असा अर्थ न बोलतां रूढ झाला आहे.

आतां पेण आणि रोहा हे तालुके संधीवांचून उपाशी आहेत असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. कोंकणचा हा असा भाग आहे कीं, येथें उद्योग शोधीत जावें लागलें नाहीं. उद्योगच दार ठोठावीत आला. भिऱ्याचें वीजघर १९२७ पासून चाललें आहे. ज्या मुळशीच्या शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनी बुडूं नयेत म्हणून १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला, त्यांच्या बुडालेल्या खोऱ्यांतलें पाणी घाटाखालीं येऊन वीज देतें, कुंडलिकेंत उतरतें व रोह्यावरून खाडीस मिळतें. धाटावास रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. नागोठण्यास पेट्रोरसायनांचा प्रचंड कारखाना आहे. पेण तालुक्यांत डोलवीस पोलादाचा आहे. १९९८ सालीं पूर्ण झालेली कोंकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते. २०२४ च्या जानेवारींत शिवडीपासून न्हावा-शेव्यापर्यंतचा समुद्रावरील पूल खुला झाला, २०२५ सालीं नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, आणि ज्या मुंबईस पूर्वीं आम्ही जात होतों ती आतां आपणहून पेणच्या वेशीशीं येऊन ठेपली आहे.

इतकें असून पहाटेच्या गाडीस रोहा आणि पेण या स्थानकांवर तरुणांची रीघ लागते, आणि गांवांगांवांतून ऐकूं येणारी तक्रार एकच असते: दाराशीं कारखाना आणि घरांत मुलगा बेकार. याचें एक कारण यंत्रशास्त्राचें आहे. रसायनांच्या व पोलादाच्या आधुनिक कारखान्यांस भांडवल फार लागतें, हात थोडे लागतात. आणि जे लागतात ते विशेष शिकलेले लागतात. असे हात देशाच्या कानाकोपऱ्यांतून येतात. स्थानिक मुलाच्या वांट्यास बहुतकरून कंत्राटदाराच्या टोळीतलें काम येतें. म्हणजे ज्याची जमीन गेली तो फाटकाच्या बाहेरचा, आणि ज्यानें ती कधीं पाहिली नाहीं तो आंतला. यांत आंतल्याचा अपराध नाहीं. तोही आपलें गांव सोडूनच आलेला असतो. परंतु संधि दाराशीं येऊनही ती आपली नसूं शकते, एवढें यावरून ध्यानांत यावें.

दुसरें कारण आपल्या शिक्षणांत आहे, आणि तें अधिक खोल आहे. २०२४ सालीं आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व दिल्लीची मानवविकास संस्था यांनीं मिळून भारतांतील रोजगारीविषयीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांतील दोन आंकडे फार बोलके आहेत. ज्या तरुणांस लिहितां-वाचतां येत नाहीं त्यांच्यांत २०२२ सालीं बेकारीचें प्रमाण शेंकडा ३.४ होतें, पदवीधर तरुणांत तें शेंकडा २९.१ होतें. वरवर पाहणारा यावरून म्हणेल कीं, शिक्षणानें माणूस निरुपयोगी होतो. तसें मुळींच नाहीं. ज्याच्या घरीं उद्यांचे तांदूळ नाहींत त्यास बेकार बसण्याची चैन परवडत नाहीं. तो मिळेल तें काम मिळेल त्या मोलानें करतो, व आंकड्यांत 'कामावर' दिसतो. पदवीधर थांबूं शकतो, कारण बाप त्यास पोसतो. आणि तो थांबतो, कारण आपल्या शिक्षणास शोभेल असें काम आपल्या गांवीं असूंच शकत नाहीं, ही समजूत त्यास पहिलीपासून मिळालेली असते.

शाळेंत ही समजूत कोणी फळ्यावर लिहून देत नाहीं. अभ्यासक्रमानेंच ती मुलाच्या मनांत उतरते. खाऱ्या जमिनींत भाताच्या कांहीं जातीच तग धरतात त्या कां, उधाणाच्या माऱ्यानें बांध प्रथम कोणत्या बाजूनें खचतो, कुंडलिकेचें पाणी कशानें बिघडलें व तें कसें सुधारतां येईल, हे प्रश्न रसायन, जलविद्या व वनस्पतिशास्त्र यांतल्या कोणत्याही कठीण प्रश्नाइतके कठीण आहेत. परंतु परीक्षेंत यांतला एकही येत नाहीं. जें परीक्षेंत येत नाहीं तें मुलाच्या लेखीं ज्ञान नव्हे. म्हणून खारेपाटांतला हुशार मुलगा सारें जग शिकतो आणि आपला बांध तेवढा शिकत नाहीं. मग गुणपत्रिका हातीं आली कीं आम्ही वडील माणसें म्हणतों, "याचें डोकें चांगलें आहे, याला बाहेर काढा." चांगलें डोकें असणें म्हणजे बाहेर काढण्यास योग्य असणें, असें हें समीकरण आहे, आणि त्याचा दुसरा अर्धा भाग उच्चारावाही लागत नाहीं, कीं जो बाहेर पडला नाहीं त्याचें डोकें चांगलें नव्हतें.

या समीकरणास उत्तर द्यावयाचें तर या दोन तालुक्यांतल्याच दोन थोर पुरुषांचीं चरित्रें समोर ठेवणें उपयोगी पडेल. पेण तालुक्यांतील गागोदें या खेड्यांत ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनोबा भावे जन्मले. त्यानंतर चारच महिन्यांनीं, १४ जानेवारी १८९६ रोजीं, रोह्याच्या देशमुख घराण्यांत चिंतामणराव देशमुख जन्मले. दोघेही बुद्धीनें असामान्य होते, आणि दोघांसही गांव सुटलें. चिंतामणराव १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेंत पहिले आले, केंब्रिजला गेले, १९१८ सालीं सनदी नोकरीच्या परीक्षेंत पहिले आले, १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले व पुढें देशाचे अर्थमंत्री झाले. विनोबा बडोद्यास शिकले. १९१६ सालीं इंटरच्या परीक्षेसाठीं मुंबईस म्हणून निघाले, वाटेंत सुरतेस उतरून काशीस गेले. आणि आपलीं प्रमाणपत्रें त्यांनीं आधींच अग्नीच्या स्वाधीन केलीं होतीं. एकानें शिडीची प्रत्येक पायरी गांठली. दुसऱ्यानें शिडीच जाळली. १९८२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, दीड महिन्याच्या अंतरानें, दोघांनींही जगाचा निरोप घेतला.

येथें कोणी विचारील कीं, दोघेही गांवाबाहेरच गेले, मग राहण्याचा पक्ष यांतून कसा सिद्ध होतो? तो सिद्ध होत नाहीं, आणि मला तो सिद्ध करावयाचाही नाहीं. जाणें हें पाप नव्हे व राहणें हें पुण्य नव्हे. या दोन चरित्रांतून निराळीच गोष्ट दिसते. चिंतामणराव १९५२ सालीं कुलाबा मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून आले होते. आजचा रायगड जिल्हा तो हाच, १९८१ पासून त्याचें नांव बदललें. मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळें काढून केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याचें ठरलें, तेव्हां १९५६ च्या जुलैंत त्यांनीं अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्या शिडीच्या अगदीं वरच्या पायरीवर ते उभे होते, तींवरून आपल्या लोकांसाठीं ते आपण होऊन खालीं उतरले. विनोबांनीं १९५१ सालीं तेलंगणांतील पोचमपल्ली येथून भूदान आरंभिलें. भूमिहीनांसाठीं त्यांनीं वर्षानुवर्षें पायीं देश पालथा घातला. दोघेही गेले, पण ऋण नाकारून गेले नाहींत. आणि आमची गंमत अशी कीं, रोह्याच्या मुलांस आम्ही चिंतामणरावांचा पहिला नंबर सांगतों, त्यांचा राजीनामा क्वचित् सांगतों. पहिला नंबर आमच्या शर्यतींत बसतो. राजीनामा कोठें बसवावा तें आम्हांस कळत नाहीं.

आतां राहण्याची स्तुति करणाऱ्यांनाही थोडें थांबविलें पाहिजे, कारण त्या स्तुतींत पुष्कळदां आंधळेपणा असतो. शहरांत सुखानें राहून गांवच्या साधेपणाचे गोडवे गाणारा लेखक आपण वाचलेला आहे. कदाचित् प्रस्तुत लेखकही त्यांतलाच एक ठरेल. परंतु याच जिल्ह्यांत, महाडास, १९२७ च्या मार्चमध्यें डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांस चवदार तळ्याचें पाणी पिण्याच्या साध्या हक्कासाठीं सत्याग्रह करावा लागला. १९४८ च्या नोव्हेंबरांत घटनासमितीपुढें बोलतांना त्यांनीं खेड्याच्या कौतुकावर जो कठोर प्रहार केला, तो पुस्तकी नव्हता. त्यामागें पिढ्यांचा अनुभव होता. ज्यास गांवीं पाणवठ्यावर उभें राहूं दिलें नाहीं त्याच्या लेंकरास, तूं गांवाशीं इमान राख, असें आम्हीं कोणत्या तोंडानें सांगावें? त्याच्यासाठीं शहराची गर्दी, जेथें कोणी आडनांव विचारण्याआधीं काम विचारतो, हीच मुक्ति होती.

मुलींची गोष्टही अशीच आहे. मुलगा गांव सोडून गेला म्हणजे आम्ही गांवाचें नुकसान मोजतों. मुलगी तर रीतीप्रमाणें जातेच, आणि तें नुकसान आजवर कोणीं मोजलें नाहीं. तिला कधीं कोणीं विचारलें नाहीं कीं, बाई, तुला राहावयाचें आहे काय? आज ती शिकते, पनवेलास किंवा ठाण्यास नोकरीस जाते, आणि लग्नाच्या वेळीं, गांवांतलें स्थळ नको, असें म्हणते. तेव्हां तिला चैनी म्हणून नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या घरांतील सुनेचा दिवस पहाटे किती वाजतां सुरू होतो, याचा हिशेब आम्हीं करावा हें बरें.

आणि जाण्याचा एक प्रकार असा आहे कीं, त्यास संधि म्हणतां म्हणतां जीभ अडखळावी. पेण व रोहा तालुक्यांच्या डोंगरकडेला कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. पावसाळ्याचीं कामें आटोपलीं, दिवाळी झाली, कीं त्यांतलीं अनेक कुटुंबें उचल घेऊन वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. बरोबर मुलें जातात. मुलांची शाळा मध्येंच सुटते. हीं माणसें दर वर्षीं जातात आणि दर वर्षीं पावसाळ्याच्या तोंडाशीं परत येतात. त्यांस कोणी पुढें गेलीं असें म्हणत नाहीं. म्हणजे दूर जाण्यानें माणूस पुढें जातो हेंही खरें नव्हे. पगाराचें पत्र घेऊन गेलेला पुढें जातो, उचल घेऊन गेलेला जेथल्या तेथें राहतो. अंतर तेंच असतें. फरक एवढाच कीं, एक निवडून गेलेला असतो आणि दुसरा ढकलला गेलेला असतो.

माझ्या मतें साऱ्या प्रश्नाचें मर्म या निवडींत आहे. समोर दोन वाटा असून त्यांतल्या कोणत्याही वाटेनें मान ताठ ठेवून चालतां येत असेल, तरच तिला निवड म्हणावें. एका वाटेवर उपासमार किंवा अपमान उभा असेल, तर दुसरी वाट धरणारानें निवड केली असें म्हणणें ही थट्टा आहे. आज आपण तरुणांपुढें ठेवतों त्या दोन वाटा या कसोटीस उतरत नाहींत. जाण्याच्या वाटेवर कष्ट आहेत, पण मान आहे; राहण्याच्या वाटेवर कष्ट तर आहेतच, शिवाय 'मागें राहिला' हा शिक्का आहे.

या शिक्क्याचें वजन किती असतें तें मला २०२५ च्या पावसाळ्यांत पेणजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यांत कळलें. पेण, हमरापूर, जोहे या टापूंत घरोघर मूर्ति घडतात व तेथून देशाच्या सर्व भागांत आणि परदेशींही जातात, हें वाचकांस ठाऊकच आहे. तेथें वाणिज्य शाखेचा एक पदवीधर तरुण मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करीत बसला होता. आखणी हें कारखान्यांतलें सर्वांत नाजूक काम. एक रेघ चुकली तर सारी मुद्रा बिघडते. त्याचा हात थांबेपर्यंत मी गप्प उभा राहिलों. मग बोलणें निघालें.

"काका, काम मला आवडतें," तो म्हणाला. "पण मुलगी बघायला गेलों कीं पहिला प्रश्न, नोकरी कुठें? मी म्हणतों, कारखाना आमचा घरचा आहे. हाताखालीं आठ माणसें आहेत. ते म्हणतात, तें ठीक आहे हो, पण नोकरी?"

"मग तूं काय म्हणतोस?"

"काय म्हणणार? चहा पितों आणि उठतों." तो हंसला आणि कुंचला धुऊं लागला.

त्याच वर्षीं त्याच्या धंद्यावर दुसरेंही एक सावट आलें होतें. प्लॅस्टरच्या मूर्तींनीं पाणी बिघडतें म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० च्या मेमध्यें त्यांविरुद्ध नियम केले होते; ते कांटेकोरपणें पाळावे असा आदेश मुंबई उच्च न्यायालयानें २०२५ च्या जानेवारींत दिला, आणि जूनमध्यें मूर्ति घडविण्यास मोकळीक दिली, मात्र त्या नैसर्गिक पाण्यांत विसर्जन करण्यावर निर्बंध ठेवला. पाणी स्वच्छ राहावें यांत दुमत नाहीं. कुंडलिकेच्या कांठीं वाढलेल्या माणसास तें सांगावें लागत नाहीं. परंतु जानेवारी ते जून हे मूर्तिकाराच्या वर्षांतले ऐन हंगामाचे महिने आहेत. शाडूची मूर्ति घडविण्यास वेळ अधिक लागतो, ती वाळण्यास जागा अधिक लागते, दूर पाठवितांना ती भंगते अधिक. हा फरक सोसून जुना धंदा नव्या नियमांत बसवावयाचा तर भांडवल, संशोधन व अवधि या तिन्ही गोष्टी हव्यात. त्या त्या तरुणास कोणीं दिल्या? नोकरीस गेलेल्याच्या पाठीशीं महिन्याचा पगार असतो; राहिलेला मात्र पाऊस, बाजार व कायदा या तिघांची जोखीम एकटा उचलतो. आणि सोयरीक ठरवितांना आम्ही त्यालाच विचारतों, 'पण नोकरी?'

राहिलेल्यांनीं एकदां मोठ्यानें उत्तर दिलें होतें, तेंही येथें सांगितलें पाहिजे. उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील ४५ गांवांच्या जमिनीवर विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याची योजना होती. त्यांतील पेण तालुक्यांच्या २२ गांवांत, जीं हेटवणें धरणाच्या लाभक्षेत्रांत येतात, २१ सप्टेंबर २००८ रोजीं सरकारनें शेतकऱ्यांचें मत घेतलें. अशा प्रश्नावर शेतकऱ्यांस मत विचारण्याचा प्रसंग आपल्या देशांत अपूर्व होता. त्यांनीं बहुमतानें 'नाहीं' म्हटलें, आणि तें क्षेत्र तेथें उभें राहिलें नाहीं. त्यांचें म्हणणें साधें होतें: आमच्या जमिनीसाठीं धरण बांधलें, तर आधीं आमच्या जमिनीस पाणी द्या.

त्या दिवशीं मत देणाऱ्या बापाचें बोट धरून जे मूल गेलें असेल तें आज पंचविशींत आहे. त्याच्यापुढें प्रश्न पुन्हां उभा आहे, कारण २०२४ सालीं उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गांवांसाठीं नवनगराची योजना जाहीर झाली आहे. बापाच्या 'नाहीं'नें जमीन वांचली. परंतु नुसत्या 'नाहीं'वर मुलाचा संसार चालत नाहीं. त्याला कांहींतरी 'होय' म्हणावयास हवें असतें. शेतीस पाणी, शेतमालास बाजार, तालुक्याच्या गांवीं खरोखरीचें तांत्रिक शिक्षण, कारखान्याच्या फाटकांतून आंत जाण्याइतकें कौशल्य, आणि वेळेवर पोचविणारा रस्ता, हें त्या 'होय'चें साहित्य आहे. पनवेल ते इंदापूर हा महामार्ग रुंद करण्याचें काम २०११ सालीं सुरू होऊन कसें रखडत गेलें, हें गणपतीस कोंकणांत येणाऱ्या प्रत्येक चाकरमान्यास पाठ आहे. हें साहित्य मिळालें नाहीं, तर जमिनीचा पैसा हेंच एकमेव 'होय' उरतें. तो पैसा आला कीं दोन वर्षें गाडी दाराशीं उभी राहते. पुढें गाडी जाते, जमीन तर आधींच गेलेली असते, आणि मुलगा त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीचा पहारेकरी होतो. पहारा करणें कमीपणाचें नाहीं. पण ज्या जागेचा तो धनी होता तिचा पहारा करण्यास त्यानें आनंदानें होकार दिला, असें मात्र कोणीं म्हणूं नये.

सरकारचें कर्तव्य मोठें आहे, आणि तें विसरून तरुणांस धीराचा उपदेश करणें हा अन्याय आहे. परंतु हें मासिक ज्या घरांतून वाचलें जातें त्या घरांचें कर्तव्य मला आज अधिक जवळचें वाटतें, कारण तें पार पाडण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाहीं. प्रतिष्ठेचें माप सरकार ठरवीत नाहीं. तें आपल्या ओटीवर, सोयरिकींत व तेराव्याच्या पंक्तींत ठरतें. आपण गेलेलीं माणसें गणपतीस व शिमग्यास गांवीं येतों, बांधावर उभे राहून छायाचित्रें काढतों, आणि गांव किती बदललें म्हणून हळहळतों. तो बांध वर्षभर कोणीं राखला? खारेपाटांतला प्रत्येक जण जाणतो कीं, बांध एकाचा नसतो. एकाच्या हद्दींत खांड पडली आणि ती वेळेवर बुजली नाहीं, तर खारें पाणी साऱ्यांच्या शेतांत शिरतें, आणि एकदां शिरलें कीं जमीन पुन्हां गोडी होण्यास वर्षें लागतात. दूर गेलेल्याचें शेतही त्या राहिलेल्याच्या फावड्यावर जगत असतें. म्हातारे आईबाप, गांवची शाळा, देवळाची दिवाबत्ती, ग्रामपंचायतींत उभें राहून प्रश्न विचारणें, हे सारे असेच सामाईक बांध आहेत. जाणाऱ्यास मोकळें जातां येतें, कारण कोणीतरी राहिलेला असतो. मग तो मागें राहिला कसा? तो आपल्या वांट्याचेंही राहिला.

यावरून कोणी असा अर्थ काढूं नये कीं, माझें म्हणणें तरुणांनीं राहावेंच. ज्यास जावयाचें आहे त्यानें जावें, दूर जावें, आणि मनांत अपराध न बाळगतां जावें. त्यानें एवढेंच करावें कीं, जातांना ऋण ओळखावें आणि राहिलेल्यास हरलेला म्हणूं नये. ज्यास राहावयाचें आहे त्यानें राहावें, पण जाण्याचा धीर नव्हता म्हणून नव्हे, तर येथें करण्यासारखें काम आहे म्हणून राहावें. आणि राहून गांवच्या जुन्या अन्यायांचा पहारेकरी होऊं नये. आणि आम्हां वडील माणसांनीं मुलाचें मोल त्याच्या घरापासूनच्या अंतरावर मोजणें सोडावें. हें शेवटचें सर्वांत कठीण आहे, हें मी स्वतःवरून सांगतों.

गेल्या शिमग्यास मी रोह्यास गेलों होतों. भाऊ आतां साठीच्या पुढें गेला आहे. त्याचा मुलगा धाटावास एका कारखान्यांत लागला आहे व सुटीच्या दिवशीं बापाबरोबर शेतावर जातो. संध्याकाळीं आम्ही तिघे बांधावर गेलों. वाटेंत गांवचे एक जुने स्नेही भेटले. त्यांच्याबरोबर मुंबईचे कोणी पाहुणे होते. स्नेह्यांनीं माझी ओळख करून दिली व भावाकडे वळून ते म्हणाले, "आणि हे यांचे धाकटे बंधु. हे—" ते क्षणभर थांबले. मीं म्हटलें, "हा राहिला." एवढेंच म्हटलें. भावानें माझ्याकडे पाहिलें, कांहीं बोलला नाहीं, आणि ओहोटी लागली आहे, आतांच पुढची डागडुजी पाहून घ्यावी, असें म्हणून चालूं लागला. त्याचा मुलगा त्याच्या मागोमाग गेला. मीं वाकून जोडे काढले आणि त्यांच्या मागून चिखलांत उतरलों.